वाचकांचे प्रश्न : नायकाचा पोशाख

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही महानायकाचा लघुपट करत आहोत, परंतु त्याचा पोशाख कॅमेऱ्यात स्नेहसंमेलनातला वाटतो. काय करावे?

उत्तर : चकचकीत कापड किनाऱ्यावरच्या उन्हात प्रत्येक सुरकुती उघडी पाडते, म्हणून मंद पोताचे, ताणले जाणारे कापड घेऊन शिवणी स्नायूंच्या दिशेने न्याव्यात आणि काखेत, गुडघ्यामागे लवचीक पट्ट्या जोडाव्यात. मान वळते का, हे आधी पाहावे; ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटात बॅटमॅनचा मुखवटा गळपट्टीपासून वेगळा केला, तो याचसाठी. दशावतारातला भरजरी वेश दुरून शोभतो, कॅमेरा मात्र शिवणीपर्यंत पोहोचतो. कोरेपणा सर्वांत खोटा दिसतो, तेव्हा कडा पॉलिशपेपरने घासाव्यात. आपल्या दमट हवेत नट घामाने भिजणारच. दुसरा जोड शिवून ठेवावा.