'निर्मूलन' की 'निष्कासन'?

'कचरा डेपोच्या सांडपाण्यातील चिवट रसायनांचे निर्मूलन' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का, असे नांदेडच्या एका भाषांतरकार वाचकाने विचारले आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात वावगे काही नाही. अर्थाने मात्र तो प्रत्यक्ष प्रक्रियेच्या बराच पुढे धावतो.

'निर्मूलन' म्हणजे मुळासकट उपटणे. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, तेव्हा तो रोग खरोखरच समाजातून नाहीसा झाला होता. येथील रसायने पीफास (PFAS) या मानवनिर्मित, फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटातली असून, त्यांतील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की जिवाणूंनाही तो सहसा तुटत नाही. सक्रिय कोळसा, रेझिन किंवा आरओ या मार्गांनी पाणी पुष्कळसे स्वच्छ होते, परंतु रसायन कोळशात, रेझिनमध्ये किंवा मागे उरलेल्या घट्ट पाण्यात जसेच्या तसे राहते. आपल्याकडे काळ्या रानातला कुंदा खणून धुऱ्यावर टाकला की ओल मिळताच तो तिथेच पुन्हा फुटतो. वापरलेला कोळसा परत डेपोवर नेऊन टाकला, तर वेगळे काही घडत नाही.

म्हणून मी 'निष्कासन' सुचवेन. महापालिकांच्या 'अतिक्रमण निष्कासन' पथकांमुळे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि हटवलेली टपरी पुढे कुठे लागते याची हमी तोही देत नाही, हा त्याचा येथे गुणच ठरतो. 'विलगीकरण'ही चालले असते, पण कोरोनानंतर तो शब्द रुग्णालाच चिकटला आहे. जिथे बंध प्रत्यक्ष तोडला जातो, उदाहरणार्थ ३७४ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या सुमारे २१८ पटींहून अधिक दाब असलेल्या पाण्यात ऑक्सिडीकरण करून, तिथे 'विघटन' म्हणावे.

'सांडपाणी'ही मला खटकते. वापरून सांडलेले ते सांडपाणी. येथे पावसाचे पाणी कचऱ्याच्या थरांतून मुरत, त्यातले सारे विरघळवून घेत खाली उतरते. पालिकेचे कर्मचारी त्याला 'लिचेट' म्हणतात, तेही चालेल. मराठीच हवे असेल तर 'कचऱ्याचे झिरपपाणी' लिहावे. मग आपले शीर्षक 'कचऱ्याच्या झिरपपाण्यातून चिवट रसायनांचे निष्कासन' असे होईल.