जुनं ते जपा : मामाच्या खोक्यातलं बेसबॉल

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही ऐरोलीला राहतो. माझे मामा १९६७ ला न्यू जर्सीला गेले ते तिकडचेच झाले, मागच्या वर्षी ते वारले आणि मामेबहीण आत्ता आली तेव्हा त्यांचं एक बुटाचं खोकं माझ्यासाठी घेऊन आली. त्यात बेसबॉलची, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली, तीनेकशे कार्डं आहेत आणि एक बॉल, बॉलवर बेब रूथ (तिकडचा बेसबॉलचा नावाजलेला खेळाडू) अशी सही आहे, आमचे मिस्टर म्हणतात करोडोंचा माल आहे. सहीच्या दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात क्रोनिन, प्रेसिडेंट असं छापलेलं पण आहे. कार्डं बहुतेक चकचकीत, १९८८ ते ९१ ची, पण दहाबारा जुनी मळकट आहेत, एकावर तर दोघांचे फोटो एकत्रच, वर मेट्स लिहिलंय आणि कडेला गोणपाटासारखी डिझाईन. त्यांचे कोपरे वळायला लागलेत म्हणून स्टेशनजवळ लॅमिनेट करून घेणार आहे. चालेल ना? आणि बॉल ऑक्शनला कसा टाकायचा?

उत्तर : ताई, आधी लॅमिनेशन थांबवा, हे वाचताय तोपर्यंत झालं नसू दे एवढीच इच्छा. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की कार्ड परत सुटत नाही आणि ऑक्शनच्या दृष्टीने संपलंच. खोडरबर नको, ओलं फडकं नको, वळलेले कोपरे इस्त्रीने सरळ करणं तर अजिबात नको.

आता बॉल. सही खरी की खोटी हे बघायच्या आधी ती ज्याच्यावर केलीय ती वस्तू वाचायची. अमेरिकन लीगच्या, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एकीच्या, बॉलवर त्या त्या वेळच्या अध्यक्षाचं नाव छापायचे, आणि जो क्रोनिन अध्यक्ष झाले १९५९ ला. बेब रूथ वारला १६ ऑगस्ट १९४८ ला. म्हणजे तो बॉल बनला तेव्हा रूथला जाऊन निदान दहा वर्षं झाली होती, सही त्याच्या हातची असूच शकत नाही. वाईट वाटेल, कळतं मला, पण मामांनी कुणाला फसवलं असं मनात आणू नका, छापील सह्यांचे बॉल सोव्हेनियर म्हणून सर्रास विकले जायचे आणि खोट्या सह्यांचा धंदा तिथे एवढा मोठा होता की एफबीआयला ऑपरेशन बुलपेन नावाची वेगळी मोहीम काढावी लागली, त्यात मदर तेरेसांची खोटी सही केलेले बेसबॉलसुद्धा सापडले होते. बॉल मामांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा, ऑक्शनला रूथच्या नावाने टाकू नका.

चकचकीत कार्डांचं पण तसंच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सगळ्यांना वाटायला लागलं कार्डं म्हणजे एफडी, कंपन्यांनी भरमसाट छापली, लोकांनी जपून ठेवली, त्यामुळे आज कशाची टंचाई नाही आणि भाव पण नाही. जुन्याचं उलटं झालं. टॉप्स कंपनीची १९५२ ची न खपलेली कार्डं १९६० मध्ये बोटीतून नेऊन समुद्रात टाकली होती, आणि त्याच सेटमधलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, कारण उरलेल्यातलं इतकं कोरं करकरीत दुसरं मिळणं मुश्कील. वय नाही, किती उरलीत आणि कशी उरलीत ते बघतात.

आणि म्हणूनच मला तुमच्या त्या मळकट कार्डाने काल रात्री झोप लागू दिली नाही. गोणपाटासारखी कड हे टॉप्सच्या १९६८ च्या सेटचं डिझाईन. मागे १७७ नंबर आहे का बघा. असेल तर त्या दोघांपैकी एक जेरी कूसमन आणि दुसरा नोलन रायन, दोघेही न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे, रायनचं पहिलं कार्ड, पुढे ज्याने ५,७१४ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे बॉल टाकून तितके फलंदाज बाद केले, आणि तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. मामा १९६७ ला पोचले, पुढच्या वर्षी च्युइंगगमच्या पाकिटातून हे निघालं असणार, हिशोब जुळतो बघा. खरं असेल तर मळलेलं असूनही शेकड्याने डॉलर, फारच चांगलं असेल तर हजारात.

पण या कार्डाचे रिप्रिंट भरपूर आहेत. घड्याळजीकडे असतं तसं भिंग घ्या आणि काळी अक्षरं बघा, ओरिजिनलमध्ये ती सलग भरीव शाईची दिसतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत बहुतेक वेळा अक्षरंच ठिपक्याठिपक्यांची होतात. माप साधारण ६.३ बाय ८.९ सेंटीमीटर, कमी भरलं तर कडा कापून कोऱ्या केल्याचा संशय घ्यायचा. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड, होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं १९०९ चं, ग्रेडिंगमध्ये (कार्डाची अवस्था तपासून गुण देतात त्यात) १० पैकी ८ मिळालेलं, तेसुद्धा कापलेलं निघालं, ज्याने कापलं त्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं.

१७७ निघालं तर मऊ स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), त्यावर कडक टॉपलोडर (जाड प्लास्टिकचं पाकीट), आणि मामेबहीण परत जाताना तिच्या हँडबॅगेत द्या, ग्रेडिंग आणि विक्री तिकडूनच सोपी पडेल. तिच्याकडून एक गोष्ट मात्र आत्ताच लिहून घ्या, मामा तेव्हा कुठे राहायचे, पाकिटं कुठून घ्यायचे, मॅच बघायला कुठे जायचे, त्यांचा तिथला एखादा फोटो. विकायचं नसलं तरी घ्या.

प्रश्न : सर मी खारघरचा, नोकरीला लागून दोन वर्षं झाली. अमेरिकन ऑक्शनमध्ये अशा कार्डांवर ऑनलाइन बिड करायचंय, बजेट ५०० डॉलर. काय काळजी घेऊ?

उत्तर : ५०० बजेट असेल तर बिड ५०० ची करू नकोस. बऱ्याच ठिकाणी २० टक्क्यांच्या आसपास बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शनवाल्यांचं कमिशन, वर लागतो, म्हणजे ५०० चे ६०० तिथेच, मग शिपिंग, इन्शुरन्स, इकडे कस्टम ड्युटी. उलटा हिशोब करून आकडा कागदावर लिही, साधारण साडेतीनशेच्या वर जाऊच नको. दुसरं म्हणजे तिकडे न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री दहाला बिडिंग शेवटच्या टप्प्यात येतं तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेसात, तू प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघतोयस, आणि नवीन बिड आलं की वेळ वाढत जाते, त्या घाईत बोटं आकडा सोडून पुढे जातात. आदल्या दिवशीच कमाल बिड टाकून मोकळा हो.

माझं सांगतो. पिट्सबर्गला प्रोजेक्टवर होतो, स्टेडियमबाहेरचा वॅग्नरचा पुतळा बघून वेड लागलं, ठाण्याला परत आल्यावर १९३३ चं गाउडी कंपनीचं कार्ड एका विक्रेत्याकडून घेतलं, फोटो सुंदर, मागचा इतिहास मी विचारलाच नाही. नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याच्याखाली धरलं तर पांढरंशुभ्र चमकलं. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ते रसायन दुसऱ्या महायुद्धानंतरच वापरात आलं, १९३३ च्या कागदात ते असायचं कारण नाही. पैसे परत मिळाले नाहीत. तू लॉट, म्हणजे विकायला काढलेली वस्तू, आधी कुणाकडे होता हे लेखी विचार, टाळाटाळ केली तर सोडून दे.

प्रश्न : कोलशेतला आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कार्डं कुठे ठेवू?

उत्तर : बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, ते दर महिन्याला बदला, रबरबँड काढून टाका, आणि गणपतीच्या साफसफाईत सगळं एकदा उघडून कसर लागलीय का बघा.