स्कॉटलंड आणि फ्रान्सची जुनी सोयरीक

तुम्ही विचारलंय की स्कॉटलंडची राणी मेरी लहानपणीच फ्रान्सला का गेली, आणि या दोन राजघराण्यांचं इतकं घट्ट नातं कशामुळे होतं. मी दोन वर्षं एडिनबर्गला शिकायला होते. तेव्हा सुट्टीच्या दिवसांत तिथले किल्ले आणि राजवाडे पायाखाली घातले, आणि या नात्याने मला अक्षरशः झपाटून टाकलं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

नात्याचं मूळ एका शब्दात सांगता येतं: इंग्लंड. दोघांच्याही मध्ये तो एकच शेजारी होता. १२९५ साली पॅरिसला तह झाला. इंग्लंडने एकावर चाल केली तर दुसऱ्याने मागून इंग्लंडवर तुटून पडायचं, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या एडवर्ड पहिल्याने स्कॉटलंडवर स्वारी केली आणि राजा जॉन बेलियलला गादीवरून खाली खेचलं. त्याच्या अंगरख्यावरचं राजचिन्हसुद्धा उसवून काढलं, म्हणून लोक त्याला 'रिकामा अंगरखा' म्हणायला लागले. फ्रान्सची फौज काही आली नाही. तरीही पुढची अडीचशे वर्षं हा तह पुन्हा पुन्हा नवा होत राहिला. स्कॉट लोक त्याला 'ऑल्ड अलायन्स' म्हणतात, म्हणजे जुनी दोस्ती.

या दोस्तीत स्कॉटलंडने रक्त फार सांडलं. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात फ्रान्सची अवस्था बिकट असताना, १४१९ पासून हजारो स्कॉट सैनिक समुद्र ओलांडून गेले. १४२१ मध्ये बोझेच्या लढाईत त्यांनी इंग्लंडच्या राजाच्या सख्ख्या भावाला ठार केलं. खूश होऊन फ्रान्सच्या युवराजाने त्यांच्या सेनानीला, बुकनच्या अर्लला, फ्रान्सचा सरसेनापती केलं. तीनच वर्षांनी व्हर्नयच्या लढाईत तो आणि त्याच्यासोबतचे बहुतेक स्कॉट कापले गेले. तो युवराज पुढे सातवा शार्ल म्हणून गादीवर बसला, आणि त्याच्या अंगरक्षकांत स्कॉट लोकांची खास तुकडी होती. राजाच्या जिवाची जबाबदारी परक्या देशाच्या माणसांवर, यावरून विश्वास किती होता ते कळतं.

१५१३ ची फ्लॉडनची लढाईही याच दोस्तीपायी झाली. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स हा इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा सख्खा मेव्हणा. पण हेन्री फ्रान्सवर चालून गेल्यावर त्याने मेव्हण्याचं नातं बाजूला ठेवलं, फ्रान्सला दिलेला शब्द पाळला आणि इंग्लंडमध्ये फौज घातली. तो स्वतः रणात पडला आणि त्याच्यासोबत स्कॉटलंडची कितीतरी सरदार घराणी बुडाली.

लढायांची ही बाजू पुस्तकांत भरपूर मिळते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती सोयरीक, कारण तह कागदावर होता पण तो निभावला सासरी पाठवलेल्या मुलींनी.

त्यातली पहिली मुलगी म्हणजे मार्गारेट, स्कॉटलंडच्या पहिल्या जेम्सची लेक. १४३६ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी फ्रान्सला गेली आणि तूर शहरात युवराज लुईशी तिचं लग्न लागलं. वर्षाच्या आत माहेरी तिच्या वडिलांचा खून झाला. नवऱ्याला ती आवडत नव्हती. सासऱ्यांचा, म्हणजे सातव्या शार्लचा, मात्र तिच्यावर जीव होता. ती रात्र रात्र जागून कविता करायची आणि दरबारातली माणसं त्यावरून तिची बदनामी करायची. विसाव्या वर्षी ती आजारी पडून गेली. जगण्याबद्दल मला काही सांगू नका, अशा अर्थाचं शेवटी बोलली, असं नोंदलेलं आहे. तिच्या मृत्यूनंतर त्या बदनामीची रीतसर चौकशी झाली. ज्या मुलीचं तोंड भरून कौतुक व्हायला हवं होतं तिच्या जागरणाच्या साक्षी नोंदवल्या गेल्या, हे वाचताना आजही राग येतो.

दुसरी माद्‌लेन, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याची लेक. ही उलट दिशेने आली. पाचवा जेम्स स्वतः बायको आणायला फ्रान्सला गेला होता. ठरलेली मुलगी वेगळीच होती, पण त्याने राजकन्येलाच मागणी घातली. माद्‌लेनची तब्येत नाजूक, स्कॉटलंडची हवा तिला मानवणार नाही म्हणून बाप तयार नव्हता. शेवटी १ जानेवारी १५३७ ला पॅरिसच्या नोत्र दामला लग्न झालं. मे महिन्यात ती लीथ बंदरात उतरली आणि ७ जुलैला गेली. पुरते दोन महिनेही नाहीत. वय सोळा. एडिनबर्गच्या होलीरूड मठात तिला पुरलं. त्या मठाला आता छप्पर नाही. मी गेले त्या दिवशी बारीक पाऊस होता आणि भिंतींच्या आतही तो तसाच पडत होता. उंच कमानी तेवढ्या उभ्या आहेत. ऐन उन्हाळ्यातही मी स्वेटर घालून तिथे उभी होते आणि तिच्या बापाची काळजी मला त्या क्षणी नीट कळली.

एक सून गेली, पण सोयरीक मोडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. वर्षभरात दुसरी आली, गीझ या फ्रेंच सरदार घराण्यातली मेरी ऑफ गीझ. ही विधवा होती, तिला पहिल्या नवऱ्यापासून अडीच वर्षांचा मुलगा होता, आणि तो मुलगा तिकडच्या घराण्याचा वारस म्हणून फ्रान्समध्येच राहणार होता. त्याला आपल्या आईकडे सोपवून ती १५३८ मध्ये जहाजात बसली. पुढे त्या मुलाने तिला पत्रासोबत दोऱ्याचा एक तुकडा पाठवला. आपण किती उंच झालोय हे आईला कळावं म्हणून तेवढ्या मापाचा दोरा! राजकारणाच्या कितीतरी पानांतून मला जे समजलं नव्हतं ते या दोऱ्याने समजलं. १५५० मध्ये ती फ्रान्सला गेली तेव्हा मुलाची भेट झाली, पण पुढच्या वर्षी तो आजारी पडला आणि तिच्यासमोरच वारला.

स्टर्लिंगच्या किल्ल्यात पाचव्या जेम्सने बांधलेला राजवाडा आहे. त्यात राजा-राणीची दालनं आहेत आणि राजाच्या दालनाच्या छताला ओकच्या लाकडात कोरलेले मोठमोठे गोल चेहरे. बाहेरच्या भिंतींवरचे पुतळे पाहिले की ही जागा स्कॉटलंडच्या डोंगरात असूनही तिची नजर फ्रान्सकडे आहे हे जाणवतं. फॉकलंडच्या राजवाड्याचं अंगण पाहिलंत तर तेही तसंच. तिथे फ्रेंच गवंड्यांनी काम केलेलं आहे.

आता तुमची मेरी. मेरी ऑफ गीझची ही लेक ८ डिसेंबर १५४२ ला जन्मली, सहाव्या दिवशी बाप गेला आणि तान्ही पोर राणी झाली. आठव्या हेन्रीला ती आपल्या मुलासाठी सून म्हणून हवी होती. स्कॉट लोकांनी ठरलेलं लग्न मोडलं म्हणून त्याने गावंच्या गावं जाळली. त्याच्या मृत्यूनंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत आणि १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत स्कॉटलंडचा दारुण पराभव झाला. तेव्हा फ्रान्सने फौज पाठवली, बदल्यात मुलगी मागितली. १५४८ च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षांची राणी डंबार्टनहून निघाली. इंग्रज आरमार टाळण्यासाठी जहाजं पश्चिमेच्या समुद्रातून गेली. सोबत तिच्याच वयाच्या, तिच्याच नावाच्या चार मुली होत्या. फ्रान्सला का गेली, याचं उत्तर हे: आईने तिला वाचवण्यासाठी पाठवलं आणि फ्रान्सने तिला आपल्या युवराजासाठी नेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तिथे ती फ्रेंच राजपुत्रांबरोबर वाढली, फ्रेंच हीच तिची रोजची भाषा झाली. घराण्याचं 'स्टुअर्ट' हे नाव आज ज्या स्पेलिंगने लिहितात तेही फ्रेंच वळणाचं. आपल्या देवनागरीत तो फरक दिसत नाही, पण जुन्या स्कॉटिश स्पेलिंगमध्ये डब्ल्यू होता. १५५८ मध्ये लग्नाआधी तिच्याकडून गुपचूप कागदांवर सह्या घेतल्या गेल्या: मूलबाळ न होता ती वारली तर स्कॉटलंड फ्रान्सच्या राजाचं. ती पंधरा वर्षांची होती. मैत्री कुठे संपली आणि गिळणं कुठे सुरू झालं, तर माझ्या मते इथे.

पुढचं भराभर घडलं. स्कॉटलंडचे प्रॉटेस्टंट सरदार, मुलीच्या वतीने राज्य पाहणाऱ्या तिच्या आईविरुद्ध आणि फ्रेंच फौजेविरुद्ध उठले, त्यांनी थेट इंग्लंडची मदत घेतली. जून १५६० मध्ये आई वारली, जुलैत एडिनबर्गला तह होऊन फ्रेंच सैन्य परत गेलं, आणि डिसेंबरात मेरीचा नवरा, फ्रान्सचा कोवळा राजा, गेला. ती अठराव्या वर्षी विधवा होऊन ऑगस्ट १५६१ मध्ये लीथला उतरली. तोवर दोस्ती संपलेली होती.

नंतरची तिची लग्नं, कैद, कट हे सगळं वेगळ्या उत्तराचं आहे. एकच सांगते. ८ फेब्रुवारी १५८७ च्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता, शिरच्छेदाला सहा तास उरले असताना, इंग्लंडच्या कैदेत तिने शेवटचं पत्र लिहिलं. ते फ्रान्सच्या राजाला, तिच्या दिराला होतं, आणि भाषा फ्रेंच. त्यात ती आपला धर्म सांगते, आपल्याला कसं वागवलं ते सांगते, आणि कळकळीने मागते ते हे: माझ्या नोकरांचे थकलेले पगार तेवढे देऊन टाक. हे पत्र आज एडिनबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.