तेरवीत पोरगा हसला म्हणून...

प्रश्न: पोरगा १४ वर्षांचा, ऑटिझम आहे. आजीच्या तेरवीत तो हसल्यासारखा दिसला तं लोकं म्हणे याले काही वाटतच नाही. खरं काय?
— एक आई, दारव्हा तालुका

उत्तर: तसं अजिबात नाही ताई, त्याला वाटतं. ऑटिझममध्ये मनातलं अन् चेहऱ्यावरचं नेहमी जुळत नाही, गर्दी, रडारड यानं जीव घाबरला की काही पोरं हसतात, काहींचा चेहरा कोराच राहतो, आणि बघणारे आपल्याच मापानं अर्थ लावून मोकळे होतात, याचा मला फार राग येतो. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक ब्रिटिश संशोधकानं २०१२ मध्ये मांडलंच आहे की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसा बाकीच्यांनाही तो कळत नाही. चेहरा सोडा, तो आजीचा पानडबा घेऊन बसतो का, जेवण कमी झालं का ते बघा. आणि त्यालाच विचारा, बोलता नाही आलं तर लिहून सांगू द्या.