नाथसागरातील होडीसाठी आधी काय घ्यावे?

प्रश्न : आम्ही नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्यात मासेमारी करतो. गेल्या उन्हाळ्यात पाण्याखालच्या जुन्या विहिरीच्या कठड्याला घासून आमच्या फायबरच्या होडीचा तळ फाटला. कसेबसे किनाऱ्याला लागलो. आता जीपीएस घ्यावे की खोली दाखवणारे यंत्र? दोन्ही एकदम परवडणार नाहीत.
– एक वाचक, गंगापूर तालुका

उत्तर : आपण सुखरूप परतलात, हे वाचून हायसे वाटले. आपल्या गरजेला खोलीमापकच आधी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. होडी कोठे आहे हे मोबाइलमधील जीपीएसही काही मीटरच्या फरकाने सांगते आणि नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल, तर त्याला नेटवर्कही लागत नाही. मात्र तळाखाली काय आहे, हे त्याला कळत नाही.

खोलीमापकाचा ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो; समुद्राच्या पाण्यात त्याहून थोडा जास्त, म्हणून यंत्रात गोड्या पाण्याची निवड असल्यास ती करावी. ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीवर, सतत पाण्यात राहील असा, पण पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर बसवावा. बुडबुड्यांत प्रतिध्वनी हरवतो. बॅटरीपासून येणाऱ्या तारेत फ्यूज हवाच.

तरीही एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी : साधा खोलीमापक होडीच्या खालचे दाखवतो, पुढचे नाही. कठडा पडद्यावर दिसेपर्यंत होडी त्यावर आलेली असते. म्हणून अशा जागा मोबाइलवर आधीच टिपून ठेवाव्या लागतात, आणि जलाशयात नुसते ठिकाण टिपून भागत नाही, कारण पाणी वर्षभर चढते-उतरते. समजा, एका कठड्याचा माथा समुद्रसपाटीपासून १,५०६ फुटांवर आहे. धरण १,५२२ फुटांपर्यंत पूर्ण भरलेले असताना त्यावर १६ फूट पाणी असते आणि होडी निर्धास्त जाते. पातळी १,५०८ फुटांवर आली की दोनच फूट उरतात, आणि मशीनचा पंखा त्याहून खोल असू शकतो.

हा माथ्याचा आकडा मिळवायला यंत्रही लागत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरताना ज्या दिवशी ते कठड्याच्या माथ्याला टेकलेले दिसेल, त्या दिवशी तेथे जाऊन मोबाइलवर खूण करावी आणि धरणाची त्या दिवसाची पातळी वहीत लिहून ठेवावी. पुढे जाळे टाकायला निघताना त्या दिवसाच्या पातळीतून तो आकडा वजा केला, की कठड्यावर किती पाणी आहे ते किनाऱ्यावरच कळते.