करंट आधी की चार्ज आधी?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. परवा विज्ञानाच्या टीचरने वीज आणि चुंबकत्वाच्या धड्यातले वीस शब्द दिले आणि इंग्रजी वर्णक्रमाने लावून आणायला सांगितले. तिने दहा मिनिटांत लावून टाकले. मी सहज विचारले, कंडक्टर म्हणजे काय गं? म्हणाली, बसमधला. मग तिच्या आजीने तेच शब्द मराठीत लावायला घेतले आणि दोघींची जुंपली. आजी म्हणे ‘धारा’ आधी, ही म्हणे ‘ध्रुव’ आधी, कारण ध्रुवला काना नाही. मलाही नीट सांगता येईना. असल्या गृहपाठाने साधते काय, आणि मराठीत क्रम लावायचा तरी कसा?
— एक आई, साखळी

उत्तर : ताई, आधी ‘बसमधला’ या उत्तराविषयी. मुलीला हसू नका. महाराष्ट्राच्या एसटीत कंडक्टरला वाहकच म्हणतात, आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकात तांब्याची तार असते ती सुवाहक. दोन्हीकडे काम वाहून नेण्याचे. मुलीच्या हातात अर्धा अर्थ आधीच आहे. तिला एवढेच सांगा की हा कंडक्टर माणसांऐवजी वीज नेतो, आणि लाकूड, रबर, प्लॅस्टिक तिला नेऊ देत नाहीत, म्हणून ते दुर्वाहक.

गृहपाठ वाया जाणारा नाही. पण तो जेवढा दिला तेवढ्यावर सोडला तर अर्धाच राहतो. मी एकतीस वर्षे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे शाळेच्या ग्रंथालयाचे कपाटही माझ्याकडे होते. त्यामुळे वर्णक्रम माझ्या बोटांत बसला आहे. कॉलेजात असताना पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी तासन् तास पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे खण उपसत असे. ग्रंथालय १८३२ सालचे. तेव्हा ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होते. तिथे एक गोष्ट लक्षात आली ती पुढे जन्मभर उपयोगी पडली : एकच वस्तू भाषा बदलली की खण बदलते. लोहचुंबक मराठीत ‘ल’च्या खणात, नुसता चुंबक म्हटले तर ‘च’च्या. इंग्रजीत मॅग्नेट म्हणून ‘एम’मध्ये. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते त्याला ‘ईमन’ म्हणत, म्हणजे तो गेला ‘आय’च्या खणात. लोखंडाचा तुकडा तोच.

आता मुलीच्या वहीकडे वळू. तिच्या वीस शब्दांत चार्ज, सर्किट, कंडक्टर आणि करंट हे चौघे नक्की असणार. इंग्रजीत चौघांचेही पहिले अक्षर ‘सी’. म्हणून निकाल दुसऱ्या अक्षरावर लागतो : चार्जमध्ये ‘एच’, सर्किटमध्ये ‘आय’, कंडक्टरमध्ये ‘ओ’, करंटमध्ये ‘यू’. झाला क्रम. पण तिला हे चार शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. च, स, क, क. कानाला तीन वेगळे आवाज ऐकू येतात, डोळ्याला मात्र एकच अक्षर दिसते. इंग्रजी वर्णक्रम स्पेलिंगवर चालतो, तोंडातून काय आवाज निघतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तेच चार शब्द देवनागरीत लिहा आणि मराठीप्रमाणे लावा : करंट, कंडक्टर हे शेजारी, मग चार्ज, आणि सर्किट पार खाली ‘स’मध्ये. जनरेटर आणि गॅल्व्हानोमीटर यांचेही तसेच. इंग्रजीत दोघे ‘जी’च्या घरात, मराठीत एक ‘ज’कडे, दुसरा ‘ग’कडे.

आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेवरून रचलेली आहे. क-ख-ग कंठातून निघतात, च-छ-ज टाळूवरून, मग ट-ठ-ड, मग दातांजवळचे त-थ-द आणि शेवटी ओठांवरचे प-फ-ब. मुलीला बोट ओठांवर ठेवून ‘कळ, चार्ज, ठिणगी, तार, परिपथ’ असे म्हणायला लावा (कळ म्हणजे स्विच, परिपथ म्हणजे सर्किट). आवाज घशातून निघून हळूहळू ओठांपर्यंत येतो. सहावीतल्या मुलांना हे इतके आवडते की वर्गात कुणी थांबायला तयार नसे.

आजी आणि नातीच्या भांडणात आजीचे बरोबर आहे. धनाग्र (सेलचे धन टोक), धारा (करंट), ध्रुव (चुंबकाचे टोक) असा क्रम लागतो. ‘ध’ची बाराखडी आठवा : ध, धा, धि, धी… धौपर्यंत. ही सगळी बाराखडी संपल्यावरच ‘ध’ची जोडाक्षरे येतात, कारण ‘ध्रु’मधला ध पाय मोडका आहे, त्याला स्वतःचा स्वर नाही. स्वर मिळतो तो पुढच्या ‘र’ला. म्हणून ध्रुव शेवटी. त्याच कारणाने परिपथ आधी आणि प्रभार, म्हणजे चार्ज, नंतर. नातीने काना नाही म्हणून ध्रुवला आधी बसवले, तिच्या विचारात तर्क आहे, फक्त तो जोडाक्षराला लागू पडत नाही.

आणखी दोन ठिकाणी मुलांचे डोळे फसतात. पहिली वेलांटी. ‘विद्युत’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीची दांडी ‘व’च्या आधी येते, पण उच्चारात इ येते ती ‘व’नंतर. दुसरा रफार. ‘चार्ज’मध्ये रफार ‘ज’च्या डोक्यावर बसलेला दिसतो, पण म्हणताना र आधी आणि ज नंतर. ‘चार्ज’ शोधायचा तो ‘चार’च्या पुढे, ‘चाज’पाशी नव्हे. मुलांना मी सांगत असे, शब्द आधी पूर्ण म्हणा, मग फोडा, मग लावा. पाहून लावू नका.

अनुस्वाराचे मात्र दोन रिवाज आहेत, आणि ते मुलीला खरे सांगा. बाराखडीत आपण कं, कः सर्वांत शेवटी म्हणतो, म्हणून बऱ्याच मुलांना चुंबक ‘चु’च्या सगळ्या शब्दांनंतर जावासा वाटतो. पुष्कळ शब्दकोशांत मात्र अनुस्वाराचा शब्द आधी घेतात. मी स्वतः अनुस्वार आधी घेते, तेव्हा वरच्या यादीत माझ्याकडे कंडक्टर करंटच्या आधी येईल. घरात जो रिवाज ठरवाल तो पूर्ण यादीला लावा, एवढेच पथ्य.

चुंबकाचे कुटुंब लावताना मजा येते : चुंबक, चुंबकत्व, चुंबकसूची (होकायंत्रात असते ती सुई), चुंबकीय क्षेत्र. ‘चुंबकीय’ शेवटी का? कारण चुंबकत्व आणि चुंबकसूची यांच्यात ‘क’ बिनमात्रेचा आहे, ‘चुंबकीय’मध्ये तो ‘की’ झाला. इंग्रजीतही असेच एक कुटुंब आहे : इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट, इलेक्ट्रोमॅग्नेट, इलेक्ट्रॉन, इलेक्ट्रोस्कोप. इंग्रजी स्पेलिंगची पहिली सात अक्षरे तंतोतंत सारखी, निकाल आठव्यावर : डी, एल, एम, एन, एस. मुलगी आठव्या अक्षरापर्यंत गेली की तिला विचारा, ही सात अक्षरे सगळ्यांना कुणी दिली? ती आली ग्रीक ‘इलेक्ट्रॉन’वरून, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगड झालेला पिवळा खडा. तो लोकरीवर घासला की काडीकचरा ओढतो. आपल्याकडे त्याच खड्याला तृणमणी म्हणतात, गवत ओढणारा मणी. शब्द लावता लावता मूल इथवर पोचले तर गृहपाठाचे चीज झाले.

उरलेला अर्धा गृहपाठ तुम्ही घरी करून घ्या. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूचे बोटभर रुंदीचे तुकडे कापा आणि एकेकावर एकेक शब्द लिहा. एकदा वर्णक्रमाने लावले की तेच तुकडे मोडून अर्थाने लावायचे. मग दिसेल की वर्णक्रमात सुवाहक आणि दुर्वाहक एकमेकांपासून किती लांब, ऋणाग्र आणि धनाग्रही लांब, आणि धनाग्र मात्र धारेला चिकटून, जरी एक विजेचे टोक आहे आणि दुसरा विजेचा प्रवाह. अर्थाच्या मांडणीत जोड्या एकत्र येतात. हातात धरता येणाऱ्या वस्तू एकीकडे : घट (सेल), कळ, वितळतार (फ्यूज), दिवा. मोजमापे दुसरीकडे : ॲम्पिअर, ओहम, व्होल्ट. ही तिन्ही माणसांच्या नावांवरून आली हे कळले की मुले तिसरी मांडणी आपणहून मागतात, सालांची. विजेचे तीन शास्त्रज्ञ घ्या : वर्णक्रमाने ओर्स्टेड, फॅरेडे, व्होल्टा. काळाने नेमके उलट सुरू होते : व्होल्टाने १८०० मध्ये घटांची चळत रचली, म्हणून सतत वाहणारी धारा हाती आली. ती हाती आली म्हणून १८२० मध्ये ओर्स्टेडला तारेजवळची चुंबकसूची हललेली दिसली. आणि तिच्यामुळे चुंबकापासून उलट वीज मिळेल का हा प्रश्न पडला, त्याचे उत्तर फॅरेडेने १८३१ मध्ये दिले.

ओर्स्टेडचा प्रयोग घरी होतो. दीड व्होल्टचा एक सेल, हातभर तार आणि बाजारात मिळते ती छोटी चुंबकसूची. सूची स्थिर होऊन उत्तर दिशा दाखवू लागली की तार तिच्या वरून, तिच्याच दिशेने धरा आणि दोन्ही टोके सेलला क्षणभर टेकवा. सूची झटकन बाजूला वळते. टोके उलटी केली की दुसऱ्या बाजूला. क्षणभरच टेकवा, नाहीतर तार आणि सेल तापतात. भिंतीतल्या प्लगकडे मुलांनी या कामासाठी फिरकायचेसुद्धा नाही, हे दोनदा बजावा.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळच आहे. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीभोवती सोडायच्या दिव्यांच्या माळा माळ्यावरून काढाल तेव्हा मुलीला बरोबर घ्या. जुनी माळ असेल तर त्यात एक बल्ब गेला की एक अख्खा भाग विझतो, ती ‘एकसर जोडणी’. घरात मात्र सोप्यावरचा दिवा गेला तरी स्वयंपाकघरातला जळत राहतो, ती ‘समांतर जोडणी’. यादीत एक ‘ए’मध्ये, एक ‘स’मध्ये. तुकडे तिला स्वतःलाच एकमेकांशेजारी ठेवू द्या.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत नवीन शिक्षक आहे. भिंतीवर लावायला विजेच्या मराठी शब्दांची यादी संगणकावर टाइप केली आणि क्रम लावायची आज्ञा दिली. ‘ॲम्पिअर’ थेट ‘हेन्री’च्या खाली गेला, आणि ‘कळ’ आली ‘कवच’च्या आधी. यंत्र चुकते की मी?
— एक शिक्षक, पेडणे

उत्तर : तुम्ही चुकलेला नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि साधी आज्ञा त्या क्रमांकाने रांग लावते. ‘ॲ’ला क्रमांक मिळाला तो देवनागरी आकड्यांच्याही पुढचा, म्हणून ॲम्पिअर तळाशी. ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर आहे. मराठी मुलाच्या तोंडी मात्र ळ येतो ‘ह’नंतर. म्हणून मराठीत कवच आधी, कळ नंतर, यंत्रात उलट. ‘क्ष’ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही, तो क् अधिक ष असा मोजला जातो, त्यामुळे ‘क्षेत्र’ यादीच्या शेवटी न जाता ‘क’च्या घरात सापडेल.

माझ्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी अशीच यादी छापून आली होती. त्यात ‘ॲम्पिअर’ दोनदा होता, एक वर ‘अ’पाशी आणि एक अगदी खाली. दिसायला दोन्ही सारखे. दोघा मुलांनी यादी टाइप केली होती, एकाने ‘ॲ’ हे अखंड अक्षर वापरले, दुसऱ्याने ‘अ’वर अर्धचंद्र चढवला. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे. तेव्हापासून मी यादी करण्याआधी सगळे ॲ एकाच पद्धतीचे करून घेते. तुम्हीही तसे करा.

प्रोग्राममध्ये भाषा मराठी निवडायची सोय असेल तर निवडून पाहा, क्रम बराचसा सुधारतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली, ‘ए’नंतर ‘ॲ’ आणि ‘ओ’नंतर ‘ऑ’. त्या हिशेबाने फेराइट आधी आणि फॅरेड नंतर. छापण्याआधी मात्र यादी एकदा तोंडाने म्हणून तपासाच. भिंतीवर लागलेली चूक मुले वर्षभर वाचतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. विजेचा एकेक शब्द प्रत्येक अक्षरावरून लिहितो आहे. झ, ठ, ढ, भ आणि ळ राहिले.
— एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : झ झटक्याचा, ठ ठिणगीचा, ढ ढगाचा, कारण आभाळातली वीज तिथेच तयार होते. भ भूसंपर्क तारेचा, तीन पिनांच्या प्लगमधली सर्वांत जाड पिन तिचीच. ‘ळ’ने मराठीत शब्द सुरू होत नाही, ङ, ञ आणि ण यांनीही नाही, तेव्हा त्या चौघांसाठी शब्दाच्या पोटात बघ : कळ, वेटोळे. ‘छ’ तू विचारलेला नाहीस, म्हणजे तुला सापडला असणार. पुढच्या पत्रात तो लिहून पाठव, इथे छापू.