होनोलुलूमध्ये स्टील गिटार प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

होनोलुलूत एकच संध्याकाळ मोकळी असताना स्टील गिटार कुठे ऐकावी, असे आपण विचारले आहे. वायकीकीच्या किनाऱ्यावरील हालेकुलानी हॉटेलच्या ‘हाऊस विदाऊट अ की’ या उपाहारगृहात सूर्यास्ताच्या थोडे आधी जाऊन बसावे. तेथे जुन्या कियावे वृक्षाजवळ, समुद्राच्या साक्षीने हवाईयन गायन आणि हुला नृत्य होते. त्या दिवशी स्टील गिटार आहे ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे, कारण उकुलेले हे गिटारीसारखे छोटे, चार तारांचे वाद्य बहुतेक ठिकाणी भेटते, स्टील गिटार भेटतेच असे नाही. शक्यतो वादकाचा डावा हात दिसेल अशी जागा धरावी : आडव्या ठेवलेल्या गिटारीच्या तारांवरून पोलादी कांडी सरकते आणि सूर मींडेसारखा वाहत जातो. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांतली हवाईयन गिटार ती हीच. ही वादनपद्धती याच ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली, असे मानले जाते.